दरेकसाची खोली गळते

गोंदियाजवळच्या आमच्या कुडव्यात नवीन माणूस राहायला आला की पहिल्याच संध्याकाळी त्याला वाटतं, इथे जवळच रेल्वेचं स्टेशन असावं. कारण दिवेलागणीच्या सुमारास आमच्या शेजारच्या अंगणातून खणखणीत आवाज येतो, "आमगाव, नळ बंद कर! सालेकसा, तुयी बनियान वाळली, उचल! अन् देवरी कोठी गेली? मघापासून साखर मागून राहिली होती ना?"

यातली देवरी म्हणजे माझी बायको. तिचं माहेर देवरीचं. लग्न होऊन आली त्या दिवशी पारबता मावशीने तिला नाव विचारलं नाही, गाव विचारलं, आणि विषय तिथेच संपला. मी मूळचा इथलाच, तेव्हा मला 'कुडवा' म्हणायला काय हरकत होती? पण मला ती 'मुनीम' म्हणते, कारण मी राईस मिलमध्ये हिशेब लिहितो. गावाच्या नावाचा मान मला कधी मिळाला नाही.

मावशीचे यजमान रेल्वेत होते. घरी आले की त्यांच्या तोंडी दुसरं काही नसे. सालेकसात मालगाडी रखडली, दरेकसात म्हैस रुळावर आली, आमगावचा स्टेशनमास्तर उपवासाला भजी खातो. ते गेले, आणि स्टेशनं तेवढी मावशीच्या जिभेवर राहिली. मूलबाळ नव्हतं. मागच्या अंगाला एकाच टिनाखाली ओळीने चार खोल्या होत्या, त्या ती गोंदियात शिकायला येणाऱ्या पोरांना भाड्याने द्यायची. एका गावचे दोन आले तर मोठा आमगाव आणि छोटा आमगाव. मग छोटा सहा फूट उंच का असेना!

खोली मागायला आलेल्या पोराला मावशी आधी जेवायला बसवायची. भात, वरण, लाखोळीची भाजी. ताटात शीत टाकलं की खोली नाही. म्हणायची, "ज्याले ताट संपवता येत नाही, तो अभ्यास का संपवन?" दरेकसा नावाच्या पोराने या परीक्षेत पातेलं रिकामं केलं होतं. अंगावर मांस नाही, पण भात कुठे जायचा देव जाणे. मावशीने त्याला तिसरी खोली दिली, आणि तो तिथे पाच वर्षं राहिला. मग इंजिनिअर व्हायला पुण्याला गेला. दोन दिवाळ्या आला, मग नुसता फोन यायचा, मग तोही बंद झाला.

अशात एक दिवस पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला. "योगराज इथेच राहतात का?"

"योगराज?" मावशी सूप आपटत म्हणाली. "असा कोणी राहत नाही, अन् कधी राहत नव्हता. माया घराची कायले बदनामी करते?"

पोस्टमन वळला होता, पण पत्ता मावशीचाच होता आणि लिफाफा इंग्रजी. तेव्हा मुनीमाला हाक गेली. मी चष्मा लावून, घसा खाकरून, जमेल तितक्या ऐटीत वाचलं. उच्च शिक्षणासाठी घेतलेलं कर्ज थकलं आहे, पंधरा दिवसांत भरा, नाहीतर कायदेशीर कारवाई करण्यात येईल.

"कोणाचं कर्ज?"

"योगराजचं."

"कोण हा मेला योगराज? ए आमगाव! ए सालेकसा! तुमच्यात योगराज कोण आहे, बऱ्या बोलानं सांगा!"

पोरं ओळीने येऊन उभी राहिली. एकजण तर स्वतःचं नाव आठवत असावा. मी खाली वाचत गेलो आणि 'मूळ गाव' म्हणून छापलेलं दिसलं, दरेकसा.

मावशी मटकन ओट्यावर बसली. "अगं बाई! हा तं आपला दरेकसा!" तिने लिफाफा माझ्या हातातून ओढून घेतला. "पाच वर्षं माया हातचं खाल्लं अन् इतकं मोठं नाव हाये म्हणून सांगितलं नाही पोट्ट्यानं!"

नाव आम्ही कोणी कधी विचारलंच नव्हतं, हे मी बोललो नाही. मावशीच्या हातात सूप होतं.

दरेकसाला आईबाप नव्हते. मामाने वाढवलं, कर्जाच्या कागदावर सहीही मामानेच केली, आणि मग मामा गाव सोडून तिकडे छत्तीसगडात कुठेतरी कामाला निघून गेला. पोराने बँकेला पत्ता दिला होता तो मावशीचा. मावशी म्हणाली, "पत्र मी घेतो. कुठी सही करू?" आणि 'पारबता' अशी सही करून तिने पत्र तांदळाच्या कोठीवर ठेवलं.

पंधरा दिवस उलटले आणि एक तरुण मोटारसायकलवरून आला. शर्ट खोचलेला, गळ्यात ओळखपत्र, चेहरा मुद्दाम कडक केलेला. वसुलीवाला. फाटकातूनच त्याने गोंदियाची हिंदी सुरू केली, "योगराज कहाँ है? बुलाइए उसको!"

"येते ना बापा, येऊनच राहिला," मावशी म्हणाली. "तू कोठचा?"

"मैं... तिरोडा का."

"ये तिरोडा. हात धू."

झालं! बारसं उरकलं. गाव विचारल्याबरोबर त्याची हिंदीही गळून पडली. "मावशी, मी जेवायला नाही आलो. कोर्टात जाईन हे प्रकरण."

"जाऊ दे ना. कोर्ट का पळून चाललं? भात घे."

"घरातलं सामान जप्त होऊ शकते."

मावशी उठली, तिसऱ्या खोलीत गेली आणि एक निळी प्लास्टिकची बादली घेऊन आली. कडी तुटलेली, कडीच्या जागी सुतळी. "हे त्याचं सामान. कर जप्त."

तिरोडा बादलीकडे बघत राहिला. तोंडात घास असल्यामुळे त्याला काही बोलताही येईना. तेवढ्यात मावशीने बादली मागे ओढली. "पण पावती दे. उद्या त्यानं आंघोळीले मागितली तं मी का देऊ?"

पावतीपुस्तकात बादलीसाठी रकाना नव्हता. गडी पोटभर जेवला, वर लिंबाच्या लोणच्याची बाटली घेऊन गेला. मी कुंपणापलीकडे हसून हसून लोळायचा बाकी होतो.

मग हे दर महिन्याचंच झालं. तिरोडा यायचा, हात धुवायचा, पाटावर बसायचा आणि वरणात लिंबू पिळता पिळता कायद्याची कलमं सांगायचा. मावशीच्या थापांना ऊत आला होता. "कालच येऊन गेला, तुयी चुकामूक झाली." "परीक्षा हाय त्याची, डोकं नको खाऊ." मधेच ती त्यालाच विचारायची, "तुमच्या बँकेले काही समजलं का?" मला वाटे, काय पण डाव आहे! बँकेचा माणूस, आणि जबाब हीच घेते! अख्ख्या कुडव्यात मी मावशीच्या या हुशारीची तारीफ करत फिरलो. दोघातिघांनी तर हप्ता कसा टाळावा म्हणून तिचा सल्लाही मागितला. त्यांना मात्र तिने झाडूने हाकललं. "घेतलं तं भरा ना! लाज हाय का नाही?"

तिथे मला जरा गोंधळल्यासारखं झालं, पण मी लक्ष दिलं नाही.

त्याच सुमारास माझ्या मेव्हण्याला गोंदियात नोकरी लागली आणि खोली हवी होती. तिसरी खोली रिकामीच दिसत होती. मावशी म्हणाली, "ते गळते."

"मावशी, चारही खोल्यांवर एकच टिन आहे. पाणी नेमकं तिसरीतच कसं गळते?"

"पाण्याले विचार," ती म्हणाली. मेव्हणा वर्षभर माझ्याच घरी राहिला. तो किती खायचा ते मी इथे लिहीत नाही, बायको हे वाचणार आहे.

एकदा तिरोडा जेवून निघाला तो माझ्या फाटकाशी थांबला. हळूच म्हणाला, "मुनीमजी, पोरगा इथं राहत नाही, मले पहिल्याच दिवशी समजलं. तुम्ही मावशीकडून तेवढं लिहून द्या. पत्ता कटून जाईन, पत्रं बंद, मी बंद. म्हातारीच्या मागची कटकट जाईन."

मला ते एकदम पटलं. त्याला थांबवून घेतलं, चांगल्या अक्षरात अर्ज लिहिला आणि दोघे पुन्हा अंगणात गेलो. मावशी खरकटी भांडी गोळा करत होती.

"काय लिहिलं?" तिने विचारलं.

"योगराज या पत्त्यावर राहत नाही. बस, इतकंच. इथे सही करा, कटकट संपली."

मावशीने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "कोण म्हणते राहत नाही?"

"अहो मावशी, इतकी वर्षं झाली. नाही राहत तो."

"मंग कोठी राहते?"

मी तिरोड्याकडे पाहिलं. तिरोड्याने चपलेकडे पाहिलं.

"सांग ना मुनीम. तू तं शिकलेला हायेस. गावात त्याचं घर नाही. मामा गेला. पुण्यात नाही म्हणते हा. आता हा पत्ता बी खोडला, तं त्या पोट्ट्याचा पत्ता कोणता?" तिचा आवाज नेहमीसारखा चढला नव्हता. "तुम्ही सारे त्याले विसरले. त्याचं नाव घेत माया दारात एक हाच येते. महिन्यातून एक दिवस मी त्याची गोष्ट करतो कोणासंग तरी. तेही बंद करून टाकू?"

मग ती तिरोड्यावर उखडली. "अन् तू! तुमची बँक माणूस पाताळातून शोधून काढते म्हणे? तं शोध ना! मी तुले कायले जेऊ घालून राहिली इतके दिवस?"

मी अर्जाची घडी करून खिशात घातली. हप्ता चुकवायचा डाव वगैरे काही नव्हताच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बायकोला दिसू नये म्हणून मी घरी जाऊन मेव्हण्यावर ओरडलो.

पुढचे दोन महिने तिरोडा आला नाही. मावशी रोज फाटकाकडे बघायची आणि पोरांवर जास्तच खेकसायची. मग एका रविवारी मोटारसायकल वाजली. तिरोडा हात न धुताच आत आला. पुण्याच्या कॉलेजात चौकशी केली, एका मित्राकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, असा नंबर काढला होता त्याने. पोराचे विषय राहिले होते, इंजिनिअर झालाच नव्हता. एका कारखान्यात ठेक्यावर कामाला होता आणि लाजेने कोणाला तोंड दाखवत नव्हता. "थोडे थोडे भरन तं हप्ते पाडून मिळते, मी बोललो साहेबाशी," तिरोडा म्हणाला. हे नोकरीचं काम होतं की खाल्ल्या मिठाचं, ते त्यालाच माहीत. त्याने नंबर लावला आणि मोबाइल मावशीच्या हातात दिला.

मावशीला मोबाइलवर हळू बोलता येत नाही. अख्ख्या कुडव्याने ऐकलं.

"ए दरेकसा!"

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "हाव मावशी."

"जेवला का?"

यावर पलीकडून रडणंच ऐकू आलं. तिने रडू दिलं. मग म्हणाली, "नापास झाला तं झाला. माया ताटात तं तू कधी शीत नाही टाकलं. तुयी बादली हाय इथंच. या तिरोड्यानं जप्त करू पाहिली होती, मी नाही देल्ली."

तिरोडा घाईघाईने हात धुवायला गेला. पलीकडचा आवाज नाक ओढत काहीतरी विचारत होता. मला ऐकू आलं नाही, पण मावशीने एकदम माझ्याकडे पाहिलं आणि पदराने डोळे पुसत फोनमध्ये ओरडली,

"हाय ना, रिकामीच हाय! गळत होती जराशी. आता नाही गळत. ये तू."