भागोजीच्या बहिणीचे बोंबील

"हरेश्वराच्या पाठीला, दर्या सांगतो ग एक,
कान देऊनी ऐकते, कोळियाची शाणी लेक..."

आजी जात्यावर बसली की ही ओवी यायची आणि घरघरीत विरून जायची. सात वर्षांची केसर खुंट्याला आपलाही हात लावून विचारायची, "काय सांगतो गं, आजे?" आजी जात्याच्या तोंडात मूठभर तांदूळ सोडायची. "जाशील तवा ऐकशील." पुढे आजी गेली, जातं माहेरी राहिलं, पण तो प्रश्न मात्र कुणाला न दिसता केसरच्या रुखवतात येऊन बसला.

सासर मिळालं श्रीवर्धनच्या कोळीवाड्यात, गुणाजी तांडेलाचं. चार दिवस लाजण्यात गेले आणि पाचव्या दिवशी तिने नवऱ्याला पहिला प्रश्न विचारला तो हाच. गुणाजीने मिशीला पीळ भरला.

"ऐकलाय की! एकदा न्हाय, तीनदा ऐकलाय."

"मग काय सांगतो?"

"ते सांगून समजायचं न्हाय. तिथं नेईन तवा कळंल."

या 'नेईन'ला अकरा वर्षं झाली. मधल्या काळात केसर कडेकडेने टोकरून बघायची. जाळं विणता विणता विचारायची, "गोड बोलतो का रागं भरून?" गुणाजी म्हणायचा, "दोन्ही." "बाईच्या आवाजात का बाप्याच्या?" "वाऱ्यावर हाय." एवढ्या माहितीवर कुणाचं समाधान होणार! घागर भरताना ती थांबायची आणि पाण्याच्या बुडबुड्याला कान लावायची. शेजारणी एकमेकींना कोपराने ढोसायच्या.

गुणाजीकडे न नेण्याचं कारण एकच होतं आणि ते त्याच्या पाच बोटांवर मावायचं. दमणीचं भाडं, बैलांची वैरण, धर्मशाळा, खाणावळ आणि देवाची दक्षिणा. बोटं उघडली की बोलणं मिटलं.

त्या वर्षी मार्गशीर्षात, दारापुढे सुकत घातलेल्या बोंबलांखाली बसून, केसरने एकेक बोट मिटायला घेतलं.

"दमणी कशाला? आपली ल्हान होडी हाय. होडीला वैरण लागत न्हाय. धर्मशाळा कशाला? सांजच्याला परत. भाकरी घरची, नारळ दारातल्या माडाचा. राहिला देवापुढला पैसा, तो मी अंडी इकून बांधून ठेवलाय."

गुणाजीने मिटलेल्या मुठीकडे पाहिलं. "पण मासेमारी?"

"अष्टमीला भांग हाय. पाण्याला जोर न्हाय, जाळ्यात शेवाळ पण यायचं न्हाय. आन् अष्टमीची सुकती कवा?"

कोळ्याला ओहोटीची वेळ विचारणं म्हणजे भटजीला मुंजीचा मंत्र विचारणं. "भर दुपारी," गुणाजी हळूच म्हणाला.

तिथेच तो अडकला. हरिहरेश्वराची प्रदक्षिणा देवळामागचा डोंगर चढते, पलीकडे कड्याच्या चिरेतल्या पायऱ्यांनी खाली उतरते आणि समुद्रालगतच्या खडकांवरून देवळाशी येते. पाणी ओसरलं तरच ती वाट उघडते. भांगाच्या, म्हणजे मंद भरती-ओहोटीच्या दिवशी होडी मोकळी, आणि वाटही मोकळी.

सासू नीराबाई उंबऱ्यात सुपारी कातरत होती. "सून माझी गुणाची," ती म्हणाली. "बरोबर जाळं टाकलंन."

अष्टमीच्या पहाटे सगळी होडीत बसली. केसर, नीराबाई आणि नऊ वर्षांची लेक रतन. गुणाजी आला तो डोक्यावर टोपली घेऊन.

"हे काय?"

"भागोजीच्या बहिणीचे बोंबील."

भागोजी हा मुरुडचा खलाशी, यंदाच्याच हंगामाला गुणाजीच्या होडीवर आलेला. "त्याची बहीण वाटंवरच्या वाडीत दिलीय. जाता जाता टोपली टाकू, ती चार नारळ देईल. फुकटात नारळ, केसर!"

फुकट या शब्दापुढे केसरचं काही चालत नसे. तिने टोपलीचं झाकण बाजूला करून एक बोंबील चिमटीत धरला. "किती बारीक! आन् पुरते सुकलेले पण न्हाईत. कुण्या आळशी बाईनं वाळवलेत?"

गुणाजीने शिडाकडे पाहिलं. शिडात बघण्यासारखं काही नव्हतं.

मतलई वारा छान होता. किनाऱ्यावरची झाडं गावाला निघाल्यासारखी मागे सरकत होती. दूर बाहेरून मुंबईची आगबोट धूर सोडत गेली, तिला रतनने हात केला. वाडी आली तशी गुणाजीने होडी काठाला लावली आणि टोपली घेऊन माडांत शिरला, तो चांगला तासाभराने उगवला. टोपली डोक्यावर तशीच.

"घर सापडलं न्हाय व्हय?"

"घर हाय. ती म्हसळ्याला गेलीय."

"मग शेजारणीकडं ठेवायची."

"शेजारीण पण म्हसळ्याला गेलीय."

"आन् तिची शेजारीण?"

"केसर, आख्खी वाडी म्हसळ्याला गेलीय."

रतनने बोट दाखवलं. "बा, ती बाई पाणी भरतीय की."

"ती आत्ताच परत आली," गुणाजी म्हणाला आणि सगळा जोर लावून होडी ढकलली.

केसरला मोठं कुतूहल वाटलं. म्हसळ्याला आज असं काय असेल? पण पुढे हरेश्वराचा डोंगर दिसायला लागला आणि म्हसळं मागे पडलं.

हरिहरेश्वरला उतरल्यावर टोपलीचं काय करायचं हा प्रश्न आला. होडीत ठेवावी तर कावळे ताट मांडून बसलेले. मग गुणाजीनेच ती खांद्यावर घेतली. अर्धवट सुकलेल्या बोंबलांचं पाणी त्याच्या उपरण्यावर ठिबकू लागलं. किनाऱ्याच्या पुळणीवर एक कुत्रा मागे लागला. माडांच्या बागेत तीन झाले. देवळापाशी पोचेपर्यंत सात कुत्री शिस्तीने, एकामागे एक, यात्रेकरूंसारखी चालत होती.

देवळाबाहेर दिनानाथ म्हणून एकजण बेल-फुलं विकत होता. त्याने नाकाला धोतराचा सोगा लावला. "हा वास कसला हो, बाई?"

"दर्या जवळ हाय न्हवं, भाऊ," नीराबाई म्हणाली. "दर्याचाच."

"मी इथेच जन्मलो. असा वास दर्याला कधी आला नव्हता."

"आज भांग हाय," नीराबाईने सांगितलं.

दर्शन पाळीपाळीने झालं. केसरने गाठ सोडून पैसा देवापुढे ठेवला, नारळ फोडला. बाहेर आली तर गुणाजी टोपलीशेजारी मांडी घालून, जन्मभरासाठी बसल्यासारखा बसला होता.

"तुमी जा परदक्षिणेला. परक्याची चीज हाय, कुणीतरी राखायला पायजे."

"तुमीच तर दाखवणार होता, कान कुठं लावायचा ते!"

"रतन दाखवील."

"रतन कवा आलीवती?"

नीराबाईने मुलाला दंडाला धरून उठवलं आणि टोपलीच्या झाकणावर स्वतः फतकल मारली. "माझं गुडघं डोंगर चढायचं न्हाईत. मी बसते. जा रे गुणा. अकरा वरसं झुलवलंस तिला, आज जाच."

डोंगर चढताना गुणाजी खूप बोलला. माथ्यावर त्याचं बोलणं थांबलं. समोर कडा मधोमध चिरल्यासारखा होता, त्या चिरेतून पायऱ्या सरळ खाली उतरत होत्या आणि तळाशी हातभर रुंद निळं पाणी दिसत होतं. गुणाजी मटकन खाली बसला.

"काटा गेला पायात."

केसरने पाऊल मांडीवर घेऊन पाहिलं. "कुठंय?"

"मग दुसऱ्या पायात असंल."

दुसऱ्याही पायात नव्हता. केसर त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. वादळात डोलकाठीवर माकडासारखा चढणारा हा माणूस गवताच्या दोन पात्यांना घट्ट धरून बसला होता. तिला विचारायचं बरंच होतं, पण सूर्य डोक्यावर आला होता. पाणी फिरायच्या आत खाली जायला हवं. तिने रतनचा हात धरला आणि ती पायऱ्या उतरली.

खाली सगळं नवल होतं. लाटांनी खडकाला कोरून कोरून मधाच्या पोळ्यासारखी जाळी पाडली होती. कुठे वाट्या, कुठे कोनाडे, कोनाड्यांत खेकडे. केसर एकेका भोकाला कान लावत गेली. एकात काहीच नाही. दुसऱ्यात काहीच नाही. तिसऱ्यातून खेकड्याने नांगी दाखवली. समुद्र खडकाखाली ओसरला होता आणि तान्ह्या पोरासारखा निपचित पडला होता.

अकरा वर्षं, आणि त्याआधीचीही वर्षं, तिच्या डोळ्यांत एकदम दाटून आली. दर्या बोलायला लागतो तेव्हा वाट बुडालेली असते. वाट उघडते तेव्हा दर्या मुका. मग ऐकलं कुणी?

"ऐकलंस का?" वरून गुणाजीचा आवाज आला.

"न्हाय! तुमी कुठं ऐकलावता? या खाली, दाखवा!"

वर एकदम वेगळाच गलका उठला.

देवळापाशी उन्हाने नीराबाईचा डोळा लागला होता आणि ती कलंडली तशी टोपलीही कलंडली. सात कुत्र्यांनी बोंबलांचा फडशा पाडला. पण पोट भरलं तरी वास उरलाच होता, तो डोंगरावर गुणाजीच्या उपरण्याला. कुत्री त्या वासाच्या मागाने डोंगर चढली. एकाने उपरण्याचं टोक धरलं, दुसऱ्याने दुसरं. गुणाजीने एकदा कुत्र्यांकडे पाहिलं, एकदा पायऱ्यांकडे, मग डोळे मिटले आणि बसल्या बसल्याच, एकेक पायरी आपटत, "हरेश्वरा! हरेश्वरा!" करत खाली आला. शेवटच्या पायरीवर केसरचा पाय हाताला लागला, तो त्याने दोन्ही हातांनी धरला. वर कुत्री उपरण्याची वाटणी करत बसली.

"बा, डोळे उघड," रतन म्हणाली. "खाली आलास."

"ही जमीन हलतीय का?"

"न्हाय."

"मग उघडत न्हाय."

केसर त्याच्या शेजारी खडकावर बसली. तेवढ्यात पाणी फिरलं. भरतीची पहिली बारीक लाट खडकाच्या पोटात शिरली आणि कोनाड्यातून आवाज आला.

"हूं..."

केसरने श्वास रोखला. दुसरी लाट आली. पुन्हा, "हूं..."

"आये, हा बोलत न्हाय!" रतन कुजबुजली. "तू बाची गोष्ट ऐकताना करतीस न्हवं, तसं करतोय."

केसर कान टेकवून ऐकत राहिली. खरंच की. दर्या काही सांगत नव्हता. समोरच्याने सांगावं म्हणून हुंकार देत होता. आजीच्या ओवीत सांगणारा दर्या नि ऐकणारी लेक; इथे तर ऐकणारा दर्याच निघाला, तिला हसूही आलं आणि भरूनही आलं. तिने नवऱ्याकडे वळून, अगदी दर्यासारखं, हळूच म्हटलं, "हूं?"

गुणाजीचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"मी ऐकला न्हाय कवाच," तो म्हणाला. "तीनदा होडी घेऊन आलो, तीनदा पुळणीवरच बसलो. होडी हलती, मी तिच्यासंगं हलतो. डोंगर मेला हलतच न्हाय. उंचावर उभा राह्यलो की माझ्याच्यानं खाली बघवत न्हाय. नव्या बायकोला हे कसं सांगणार?"

"हूं," खडक म्हणाला.

"पाणी चढायच्या आत निघू या ना, केसर?"

"हूं," केसर म्हणाली. पण उठली नाही.

लाट आत गेली, बाहेर आली. गुणाजीने एक डोळा किलकिला केला, बायकोकडे पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतला.

"आन् भागोजीला बहीण न्हाय, खाली टोपली राखत बसायला म्हणून मीच काढली ती," तो म्हणाला. "ते बोंबील तुझेच होते."