खिल्लारे गुरुजींच्या पट्ट्या

खिल्लारे गुरुजी भाकरी मोडून खात नाहीत. चतकोर घेतात, सुरीनं उभ्या पट्ट्या पाडतात आणि मग खातात. वर म्हणतात, "गोल गोष्टीचं माप सरळ पट्ट्यांनीच सापडतं. जितकी पट्टी बारीक, तितकं बराबर!"

शिरड शहापूरचे हे रिटायर गणित मास्तर रोज एसटीनं औंढ्याला, माझ्या कॉम्प्युटर सेंटरवर येतात. सत्तरीत प्रोग्राम लिहायला शिकले! पाव वर्तुळाच्या पट्ट्या पाडायच्या, त्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज करायची, चारनं गुणायचं, की आला π. चार पट्ट्यांना ३.१८ यायचं, शंभरांना ३.१४१९. "अजून बारीक!" असं ओरडून गुरुजी पुढं शून्य वाढवायचे.

इकडं फॉर्म भरणाऱ्यांची रांग दारापर्यंत. "गुरुजी, उठा की आता," मी म्हणायचो. ते उलट मलाच, "काहून तकलीफ देऊन राहिला बाप्पा?"

एक दिवस माझं टाळकं सरकलं. ते चहाला गेले तशी मी शेवटची ओळ बदलली. पट्ट्या कितीही टाका, उत्तर पुस्तकातलंच, ३.१४१५९२६५. म्हटलं, एकदाची पीडा टळेल. हो, पीडाच म्हटलं मी. सांगतानाही लाज वाटते.

गुरुजींनी आकडा बघितला, हात जोडले आणि थेट फोन लावला, स्पीकरवर.

"वंदना, तुझा गुरुजी बोलून राहिलो. सातवीत तू म्हणली होतीस, बावीस भागिले सात म्हणजे π न्हाई, नुसतं जवळपास हाय. मी तुला छडी मारली. बाई, तुझंच बराबर होतं. आज सोता काढून बघितलं. पुस्तकात बघून माफी मागितली असती, तर ती उसनी झाली असती."

पलीकडून वंदनाबाई म्हणाल्या, "गुरुजी, मीपण आता गणितच शिकवते. चार पट्ट्यांना किती येतं, सांगा की. पोरींना दाखवते."

गुरुजींनी चार टाकले. ३.१४१५९२६५. एक टाकला. तेच.

चष्मा पुसून ते एकेक ओळ बोटानं वाचायला लागले. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"बाई, चूक माझीच हाय," ते फोनवर म्हणाले. "उद्या नीट करून सांगतो." मग खुर्ची सोडून उठले. "पोरा, लोक ताटकळलेत. त्यांचं उरक आधी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुरुजी अजून येतात, आता आधी विचारून बसतात. त्यांनी एका छडीची माफी इतक्या वर्षांनी मागितली. माझ्या तोंडातून मात्र 'चुकलो' एवढंही अजून निघालेलं नाही.