हुकमी एक्का

ऑपरेशनच्या टेबलावर आपण डॉक्टरांना चाट पाडणार, अशी दीनानाथरावांची खात्री होती. महिनाभर पहाटे उठून त्यांनी प्राणायाम केला होता. "माझं हृदय आज वर्गातल्या हुशार मुलासारखं वागेल, बघ तू," असं त्यांनी हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये बायकोला बजावलं. मंदाकिनीबाईंनी डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

हृदय तसंच वागलं, आणि तिथेच घोटाळा झाला.

त्या हृदयात विजेची एक चोरवाट होती. तिच्यापायी ठोके मधूनच उधळायचे. उन्हाळ्यात स्वारगेटच्या चौकात ते असे उधळले, की दीनानाथराव स्कूटरसकट आडवे झाले. आज मांडीच्या शिरेतून हृदयापर्यंत तार नेऊन, तिच्या टोकाशी रेडिओलहरींची उष्णता देऊन तेवढी वाट जाळायची होती. पण ठोके उधळल्याशिवाय ती सापडणार नव्हती. डॉक्टर नीरजांनी तारेने डिवचून पाहिलं, औषध देऊन पाहिलं. दीनानाथराव आपले संथ श्वास घेत पडलेले.

"काका, तो प्राणायाम आता पुरे," नीरजा म्हणाल्या. "जागा मिळाली नाही, तर तारा काढून तसंच घरी पाठवावं लागेल. पुढच्या वेळी मागून बस असली तर?"

आता मात्र दीनानाथराव मनापासून घाबरले. तळव्यांना घाम सुटला, पण ठोके ढिम्म. इतकी वर्षं नको तेव्हा धावणारं हृदय नेमकं आज संपावर गेलं होतं.

नीरजांनी मंदाकिनीबाईंना काचेपलीकडच्या खोलीत बोलावलं आणि काकांना राग कशाचा येतो, असं विचारलं.

"कशाचा येत नाही ते विचारा. लवकर सांगून होईल."

खरं सांगायचं तर घरात हे हृदय म्हणजे दीनानाथरावांचा हुकमी एक्का होता. वादात हरायला लागले की ते छातीवर हात ठेवत. बाई धावत पाणी आणत, पंखा वाढवत आणि वाद तिथेच संपे. भिंतींचा रंग, मुलीचं कॉलेज, नवा फ्रिज, सगळं त्या हातानेच ठरलं होतं.

बाई माइकपाशी वाकल्या. "अहो, ऐकताय ना? तुमची स्कूटर मी खडकीच्या शमशुद्दीनभाईंना देऊन टाकली. ते तिला निळा रंग देणार आहेत."

शमशुद्दीनभाई कारखान्यातल्या नोकरीपासूनचे जिवलग मित्र. पण त्यांनासुद्धा दीनानाथरावांनी कधी हँडलला हात लावू दिला नव्हता.

"कुणाला विचारून?"

पडद्यावरच्या रेघा एकदम दाट झाल्या. धडधड गळ्यापर्यंत आली, डोळ्यांपुढे अंधारून आलं. "हलू नका काका, असेच चिडलेले राहा," म्हणत नीरजांनी तार केसभर सरकवली. मग त्यांचा आवाज अगदी खाली आला. "हीच जागा. द्या."

छातीत गरम चटका बसला. मग आत इतकी शांतता पसरली, की दीनानाथरावांना वाटलं, गेलो आपण. गेले नव्हते.

संध्याकाळी खाटेवर पडल्या पडल्या त्यांना हसू फुटलं. "काय थाप मारलीस! म्हणे निळा रंग."

बाई मोसंबं सोलत होत्या. "रंगाची थापच होती."

"आणि स्कूटर?"

"स्वारगेटहून फोन आला, तेव्हा मी तिथवर कशी पोचले ते माझं मला माहीत. ती पुन्हा दारात उभी दिसायला नको होती मला."

दीनानाथरावांचा हात सवयीने छातीवर गेला.

मंदाकिनीबाईंनी मान वर करून त्यांच्या उशाच्या मॉनिटरकडे पाहिलं.

"बहात्तर," त्या म्हणाल्या, आणि मोसंब्याची फोड स्वतःच्या तोंडात टाकली.