आयतं पान

सकाळी सात वाजता परेशने गाडी काढली, तेव्हा किशोरीने घरात चहासुद्धा केलेला नव्हता. अकरा वर्षांत दिवेआगरच्या त्या घरात सात वाजेपर्यंत गॅस पेटला नाही असं पहिल्यांदाच घडत होतं, आणि ते तिने ठरवून घडवलं होतं.

"माणगावला मिसळ खाऊ," परेश म्हणाला.

"तुमी खावा. मी आयत्या पानावर भूक घेऊन जाणार."

नारळी-पोफळीच्या वाडीत या दोघांच्या पाच खोल्या होत्या आणि बारा महिने पाहुणे होते. फोन, बुकिंग आणि रस्ता सांगणं परेशकडे, बाकी सगळं किशोरीकडे. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ती जेवू घाली, आणि दर पंगतीत एक तरी माणूस पहिल्याच घासाला म्हणे, "मावशी, सगळं छान, फक्त आमटीत मीठ जरा कमी." मीठ कमी नसे. किशोरीला ते पक्कं माहीत असे. पण आयत्या पानावर बसलेल्या माणसाला काहीतरी म्हणायचा हक्क असतो, म्हणून ती हसून मिठाची वाटी आणून ठेवी. तिला तो हक्क आयुष्यात एकदा हवा होता. महाबळेश्वरचे पॉइंट नकोत, स्ट्रॉबेरी नको, तळ्यातली होडी तर नकोच, पाण्याचा तिला कंटाळा होता. डोंगरात कुणीतरी आयतं पान वाढावं आणि आपण म्हणावं, आमटीत मीठ कमी आहे. एवढंच.

म्हणून परेशने महाबळेश्वरच्या अलीकडच्या एका गावात दिनानाथराव आणि सत्यवतीबाई या म्हाताऱ्या जोडप्याचं घर शोधून काढलं होतं. तेही घरात पाहुणे ठेवत आणि बाईंच्या आमटीची फार तारीफ होती. मंगळवारी फोनवर शनिवार ठरला. शेवटी परेशने रीतीप्रमाणे म्हटलं, "तुमीपण या हो आमच्याकडं, घर आपलंच हाय." दिनानाथरावांनीही रीतीप्रमाणे "येऊ की" म्हटलं. असं म्हटल्यावर कोणी येत नसतं, म्हणून तर लोक बिनधास्त म्हणतात.

माणगावला मिसळीचा वास आला तशी किशोरीने गाडीची काच वर केली. बायको उपाशी असताना आपण चेपायचं बरं दिसणार नाही, म्हणून परेशही उपाशी राहिला. महाडला त्याने वड्यांच्या गाडीकडे नुसतं पाहिलं. पोलादपूर सोडून घाट लागला आणि किशोरीला मळमळायला लागलं. तीनदा गाडी थांबवली, पण पोटात काही नव्हतंच, तर बाहेर काय येणार.

एका अरुंद वळणावर वरून जीप आली. परेशने गाडी मागे घेतली. जीपमध्ये ड्रायव्हरच्या मागे पांढरी टोपी घातलेले एक आजोबा होते आणि शेजारी गजरा माळलेल्या आजी. वाट दिली म्हणून दोघांनी हात जोडले.

"बघा," किशोरी कौतुकाने म्हणाली, "ह्या वयात फिरायला निघालेत. नायतर आपण."

साडेअकराला ते घर सापडलं. अंगण सारवलेलं, तुळशीला पाणी घातलेलं आणि दाराला कुलूप.

"इथंच कुठंतरी गेले असतील," परेश म्हणाला.

बारा वाजले, एक वाजला. दिनानाथरावांचा फोन लागत नव्हता, कारण अंगणातल्या पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर उभं राहिल्याशिवाय तिथे रेंजच येत नव्हती, आणि तिथे उभं राहिल्यावर त्यांचा फोन रेंजच्या बाहेर असे. किशोरी पायरीवर बसून होती. तिची भूक केव्हाच मरून परत उठली होती. दोन वाजता एकदाचा फोन लागला.

"दिनानाथराव, परेश बोलतोय. आमी कवाचे तुमच्या दारात बसलोय."



"आमच्या दारात?" दिनानाथराव म्हणाले. "पाव्हणं, आमी तर आत्ताच तुमच्या दारात येऊन बसलोय. कुलूप हाय न्हवं."

परेश कठड्यावरून पडता पडता वाचला. "तुमी तिकडं कशाला गेलात?"

"तुमीच तर मेसेज धाडला. बुकिंग पक्के, शनिवार, दोन माणसे, दुपारच्या जेवणाला भूक घेऊन या. संगं नकाशा. आमची ही म्हनली, केवढी मोठ्या मनाची मान्सं, सोता यायचं सोडून आदी आपल्याला बोलावत्यात. तिनं जल्मात समुद्र बघितला न्हवता. मी उलटा नमस्कार धाडला की."

परेशला तो नमस्कार आठवला. तारीख ठरली की प्रत्येक पाहुण्याला पाठवायचा एक तयार मेसेज त्याच्या फोनमध्ये होता. मंगळवारी बोलणं संपल्यावर अंगठ्याने तो सवयीने पाठवून दिला. आपण पाहुणे आहोत हे अंगठ्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

फोन मोठ्या आवाजावर होता, त्यामुळे किशोरीने सगळं ऐकलं. 'भूक घेऊन या' हे शब्दही तिचेच होते. दहा वर्षांपूर्वी तिनेच ते परेशला सुचवले होते.

"आणि घाटात ती जीप..." ती म्हणाली आणि तिने कपाळाला हात लावला.

मग सत्यवतीबाई फोनवर आल्या. "ताई, किल्ली तुळशीमागं पालथ्या कुंडीखाली हाय. घर आपलंच समजा."

"आमची पंपाच्या पेटीत हाय," किशोरी म्हणाली. "घर तुमचंच समजा." हे वाक्य तिने हजारदा म्हटलं होतं, पण ते इतकं खरं होईल असं तिला वाटलं नव्हतं.

दार उघडलं. किशोरीने स्वयंपाकघराकडे पाठ केली आणि पुन्हा पायरीवर जाऊन बसली. "मी आज चुलीकडं बघणार पण नाय. मेले तरी चालंल."

परेश आत जाऊन काडेपेटी शोधू लागला. ती सापडायच्या आत अंगणात एक गाडी येऊन थांबली. आतून एक कुटुंब उतरलं, त्यात काठी टेकणारी आजी आणि रडणारं एक लहान मूल.

"जेवणाची सोय होईल का हो? आजी सकाळपासून उपाशी आहेत," त्यांच्यातला जावई म्हणाला.

"नाय नाय," परेश धावत बाहेर आला. "आमी इथले नाय, आमीच पाव्हणे..."

"किती जण?" किशोरीने विचारलं.

परेशने तिच्याकडे पाहिलं. तिने कुणाकडेच पाहिलं नाही. ती पदर खोचून आत गेली, तोंडाने स्वतःलाच शिव्या देत.

त्या स्वयंपाकघरात नारळ नव्हता. किशोरीने तीन डबे, दोन फडताळं आणि एक कणगी पालथी घातली, पण एक करवंटीसुद्धा मिळाली नाही. नारळाशिवाय इथे माणसं जगतात कशी, हा विचार करत तिने घेवडा निवडला, शेंगदाण्याचं कूट घालून आमटी केली, भात टाकला, भाकऱ्या थापल्या. तासाभरात सहा पानं वाढली. जावयाने पहिला घास घेतला.

"मावशी, सगळं छान. फक्त आमटीत मीठ जरा कमी."

किशोरीने हसून मिठाची वाटी आणून ठेवली.

"डोंगरातल्या बाईच्या हाताची चव वेगळीच," आजी म्हणाल्या. "मागं दिवेआगरला गेलेलो. तिथं मेलं सगळ्यात खोबरंच खोबरं."

साडेचारला गाडी गेली. किशोरी भांडी आवरायला उठणार, तेवढ्यात परेशने तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. त्याने पाट मांडला, ताट पुसलं. आयुष्यात कधी वाढलेलं नसल्यामुळे भात लोणच्याच्या जागी गेला, लोणचं भातात गेलं आणि आमटी ताटभर पसरली.

"बस," तो म्हणाला.

किशोरी बसली. परेश हातात मिठाची वाटी घेऊन शेजारी उभा राहिला. दिवसभराचं सगळं आता या एका घासावर होतं, हे त्यालाही कळत होतं.

तिने भात कालवला, घास घेतला आणि सावकाश चावला.

"काय गो? कमी हाय ना?" परेशने आशेने वाटी पुढे केली.

किशोरीने दुसरा घास घेतला, नीट चव पाहिली. मग तिसरा घेतला. तिचे डोळे भरून आले.

"नाय ओ," ती म्हणाली. "बरोबर हाय."