बैल न दिसणारं बैलाचं चित्र

बेळगावात तेव्हा नव्या चित्रकलेचा जाणकार एकच होता, आणि तो मी! मुंबईहून शिकून आलो होतो, हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होतो. निपाणीजवळच्या एका गावातल्या मारुतीरावांची शालू मला पसंत होती, तिलाही मी. अडलं होतं ते मारुतीरावांपाशी.

"चितारी जावई? न्हाय," ते म्हणाले. मग जरा विरघळले. "आमच्या सर्जाचं चित्र काढून आणा बेंदराला. पटलं तर पोरगी दिली."

सर्जा म्हणजे त्यांचा बैल. बैलासारखा बैल कुणीही काढील. मी सर्जाचा वेग काढला. खाटेएवढ्या कापडावर तांबडे भोवरे, पिवळे त्रिकोण, मधून निळ्या रेघांची झेप. शिंग नाही, शेपूट नाही. नुसता धावण्याचा आनंद!

बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, चित्र घेऊन पोचलो, तर वेशीत दोर ताणलेला, त्यात पिंपळाची पानं खोवलेली. माझ्या स्वागताला तोरण बांधलंय असं वाटून मला गहिवरून आलं. चित्र मी त्याच दोराला मधोमध टांगलं आणि बाजूला ऐटीत उभा राहिलो.

मी पडलो शहरातला. बेंदराला बैल पळवत आणून वेशीतला तो दोर तोडतात, त्याला कर तोडणं म्हणतात, आणि ज्याचा बैल तोडील त्याला वर्षभर मान, हे मला कुठलं ठाऊक?

हलगी कडाडली, धूळ उठली. गावचे बैल उधळत आले, पण समोर एवढं भडक कापड बघून बुजले आणि मागे फिरले. एकटा सर्जा बिचकला नाही. मान खाली घालून तो थेट चित्रात घुसला. दोर तुटला, कापड टर्रकन फाटलं, आणि तांबड्या भोवऱ्यांतून त्याचं तोंड शिंगांसकट बाहेर आलं. लग्न मोडलं म्हणून मी मटकन खालीच बसलो.

मारुतीराव गर्दीतून पुढे आले. त्यांच्या घरात कराचा मान पहिल्यांदाच आला होता.

"मास्तर, लई झ्याक काढलंय," ते म्हणाले. "बाकीची जनावरं भ्याली. आमच्या सर्जानं वळखलं."

शालू पदराआड हसत होती. "आप्पा, मग ठरलं न्हवं?"

"व्हय गं, ठरलं."

आता बेंदराच्या आधी गावोगावचे पाटील माझ्या दारात बसतात. मुंबईतल्या भल्या भल्या चित्रकारांना अशी आगाऊ मागणी नसेल. फक्त जाताना प्रत्येकजण बजावतो, "मास्तर, औंदा कापड जरा पातळ घ्या. गेल्या खेपेला बैलाच्या मानंला लागलं."