मधली भिंत

शिवलिंगअप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी माणसाला नाही, भिंतीला भेटतात. बोटाच्या पेरानं टकटक करतात, कान लावून डोळे मिटतात आणि निकाल सांगतात. "चुना हाय. जित्ती हाय." नाहीतर, "शिमिट. गेली बिचारी." माझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीला त्यांनी हॉलची समोरची भिंत भर पंगतीत वाजवली आणि म्हणाले, "गेली बिचारी." बायकोची आत्या घास खाली ठेवून विचारू लागली, "कोण गेली? कवा?"

मानवत गावाच्या वेशीबाहेर निजामाच्या काळात एका कापसाच्या जिनिंगवाल्यानं आपल्या कारकुनांसाठी आमची कॉलनी बांधली. खांद्याला खांदा लावून जुळी घरं, दोघांत एकच भिंत. आमच्या जोडीत पलीकडे अप्पा, अलीकडे मी. दोघांचेही आजोबा तिथले कारकून. म्हणजे वारसा अगदी सारखा. मी माझ्या वाट्याचा कौलांसकट उतरवला. वर स्लॅब, सरकत्या काचांच्या खिडक्या, बाहेरून चॉकलेटी टाइल्स. अप्पांनी काही म्हणजे काही केलं नाही. पावसाळ्याआधी कौलं फिरवायची, दिवाळीआधी चुना द्यायचा, छताजवळच्या रोशनदानाच्या काचा कापसाच्या बोळ्यानं पुसायच्या. याला मी इतकी वर्षं चिकटपणा म्हणत आलो. यंदा आर्किटेक्चरची पोरं-पोरी आली आणि त्याला हेरिटेज म्हणाली.

तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखू लागलं ते ओवा खाऊन जाईना.

पोरं अप्पांच्या ओट्यावर बसून जाळीची, कडी-कोयंड्यांची चित्रं काढत. माझ्या घराकडे एकीनं पाहिलं, पण ते त्याची सावली कुठवर पडते हे बघायला. मी गेटपाशी कुंड्यांना पाणी घालत उभा राहायचो. तुळस कुजायला आली. शेवटी मीच म्हणालो, "आमचंही घर त्याच काळातलं बरं का."

पोरीनं घराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हो का काका? छान मेंटेन केलंय." कुणाला म्हणाली, कळलं नाही.

"जळायलास का रे सुधाकर?" अप्पांनी ओट्यावरूनच विचारलं.

"छे हो अप्पा!"

"मग वास कशाचा यायलाय?"

तिथंच मी पेटलो. आमच्या घरात जुनं असं एकच उरलं होतं, ती मधली भिंत. ठरवलं, तिच्यावर जाड फोम घालून पॅनेल मारायचं आणि वर टीव्ही टांगायचा. हे कळताच अप्पा माझ्या दारात आले. पहिल्यांदाच, काही न वाजवता.

"तेवढ्या एका भिंतीला सोड बाबा. बाकी तुझं राज्य हाय."

मला वाटलं, घ्या, माझ्या बाजूचं हेरिटेजसुद्धा यांनाच पाहिजे! म्हणालो, "सोमवारी माणूस यायलाय, अप्पा."

रविवारी पोरं शेवटची आली. मीही नवा शर्ट घालून अप्पांकडे घुसलो. न जाणो, फोटो निघाला तर. एकानं विचारलं, "आजोबा, या घरात सगळ्यात मोलाचं काय?"

मला वाटलं, सागवानी जाळी दाखवतील. अप्पा सगळ्यांना मधल्या भिंतीपाशी घेऊन गेले. "कान लावा."

पलीकडे माझी बायको सुमन बहिणीशी फोनवर बोलत होती. "नवा शर्ट घालून गेलेत मिरवायला! ह्यांचा फोटू कोण काढायलंय?" पाठोपाठ कुकरची शिट्टी.

पोरं खिदळली. माझे कान तापले. अप्पा भिंतीवर तळहात ठेवून उभे होते.

"आमची मंडळी गेल्यापासून ह्या घरात बोलणारं कुणी न्हाई," ते म्हणाले. "सकाळी तिकडं कपबश्या वाजत्यात, सुमन ह्याला झापती, मग मला उठावं वाटतंय. पोरगा म्हणतो लातूरला चला. जाऊन आलो. लय पक्क्या भिंती हायत त्याच्या. पलीकडचं काईच ऐकू येत न्हाई."

सोमवारी पॅनेलवाला आला. मी त्याला समोरची भिंत दाखवली, ती वास्तुशांतीला गेलेली.

सुमन स्वयंपाकघरातून कडाडली, "तिकडं? त्या भिंतीला प्लग तरी हाय का? अक्कल गहाण ठेवलीत का?"

"अगं, इकडं ये," मी तिला मधल्या भिंतीजवळ नेत म्हणालो. "आता बोल. आणि जरा मोठ्यानं."