नार्सिसचं कपाळ

न्हाणीघरातल्या कपाटात, दाढीच्या साबणामागे, रेमेईला एक नाजूक निळी बाटली सापडली. तिची नव्हती. म्हणजे नार्सिसची! बादालोनाच्या बाजारात जन्मभर मासे विकणाऱ्या, तोंडाला खाऱ्या वाऱ्याखेरीज कधी काही न लावणाऱ्या तिच्या नवऱ्याची!

बाटली पिशवीत घालून तिने थेट औषधांचं दुकान गाठलं.

"हे पेप्टाइडचं सीरम," दुकानदारीण असुम्ता म्हणाली. "हसताना, भुवया उडवताना सुरकुत्या पडतात ना, त्यांच्यावर. स्नायूला आकसायचा निरोप कमी पोचतो म्हणे."

"हसताना?" रेमेईचे डोळे बारीक झाले. "घरात तर हा बाबा हसत नाही. मग हसतो कुठे?"

"ते मी काय सांगू, बाई? पण दुसरी बाटली नेली त्यानं. आणि कुणाला बोलू नकोस म्हणाला."

संध्याकाळी रेमेईने मुद्दाम सूपमध्ये मूठभर मीठ टाकलं.

"कसं झालंय?"

"छान," नार्सिस म्हणाला. कपाळावर एक आठी नाही! मग धुतलेला सदरा चढवून, "जरा पाय मोकळे करून येतो," म्हणत तो सटकला.

रेमेई मागोमाग. तो वळणावरच्या बारमध्ये शिरला. तिने दाराच्या काचेला नाक लावलं. बाई कुठली दिसेना. इतक्यात वेटरने आतून दार ओढलं आणि ती थेट पत्त्यांच्या टेबलापाशी येऊन आदळली.

तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही. नार्सिसचा खेळातला जोडीदार बाल्दिरी पत्ते आपटून ओरडत होता, "पुन्हा हरलो! तुझ्या तोंडाला झालंय काय? इस्तरी फिरवल्यासारखं!"

"अरे, औषध लावतोय," नार्सिस कुजबुजला. "माझ्या कपाळावरून समोरची जोडी माझे पत्ते ओळखते, म्हणून तर आपण हरायचो."

"समोरच्यांना कुठली एवढी अक्कल? मी ओळखायचो, गाढवा! म्हणून तर अधूनमधून जिंकायचो!"

समोरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतके दिवस लबाडी चालली होती, हे त्यांना आत्ता कळत होतं. आरडाओरडा सुरू झाला. रेमेईला मात्र इतकं हायसं वाटलं की तिने जवळची खुर्चीच ओढली.

तेव्हा कुठे नार्सिसला ती दिसली.

"तू इथे? पाळत ठेवत होतीस माझ्यावर?"

"मी? छे! मी आपली पाव घ्यायला निघाले होते," रेमेई म्हणाली. म्हणता म्हणता तिच्या भुवया केसांत शिरल्या, कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत आठ्या पडल्या आणि नाक लालबुंद झालं.

सगळा बार हसत सुटला. नार्सिसही हसला, अगदी पोट धरून. बाल्दिरी तेवढा हसला नाही. तो रेमेईच्या कपाळाकडे एकटक बघत होता.

"वहिनी," त्याने खुर्ची जवळ सरकवत हळूच विचारलं, "तुम्हाला पत्ते खेळता येतात का हो?"